पडून राहिलेले निरोप : कार्यालयाच्या व्हॉइसमेलच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ मार्च २०२५

आज व्हॉइसमेलचं, म्हणजे फोन उचलला नाही तर निरोप टिपून ठेवणाऱ्या यंत्रणेचं काम रीतसर माझ्याकडे आलं. निमित्त एका तक्रारीचं. दुरुस्ती विभागाच्या सामायिक नंबरावर फोन केला की रिंग वाजत राहते, मग 'मेलबॉक्स भरलेला आहे' असं ऐकू येतं आणि फोन बंद होतो. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी तीन आठवड्यांत चार वेळा हेच ऐकलं. आमच्यापैकी कोणी ते एकदाही ऐकलं नव्हतं, कारण आपल्याच कार्यालयाच्या नंबरावर बाहेरून कोणी फोन करत नाही.

मी केला. जिन्यात उभं राहून, मोबाइलवरून. चाळीस सेकंद रिंग, मग ते वाक्य, मग शांतता. दुसरीकडे जोडून देणं नाही की शून्य दाबा म्हणणं नाही.

आमची यंत्रणा अ‍ॅस्टेरिस्कवर चालते. टेलिफोन यंत्रणेचं हे मुक्त सॉफ्टवेअर मार्क स्पेन्सर यांनी १९९९मध्ये लिहायला घेतलं. आमच्याकडे ४२ एक्स्टेन्शन, म्हणजे कार्यालयातले आतले नंबर आहेत, ३१ वैयक्तिक मेलबॉक्स आणि तीन सामायिक : स्वागतकक्ष, हिशेब, दुरुस्ती. मेलबॉक्समधल्या प्रत्येक कप्प्यात १०० निरोप मावतात. ही मर्यादा इथे बसून कोणी ठरवलेली नाही, सॉफ्टवेअरबरोबर आली तशीच राहिली आहे. ऐकलेला निरोप 'जुने' या कप्प्यात जातो. म्हणजे दुरुस्तीच्या 'नवीन' कप्प्यात १०० निरोप असतील तर ते शंभरच्या शंभर कोणीही न ऐकलेले आहेत.

हा मेलबॉक्स कोणाचा, असं विभागात विचारलं. 'सगळ्यांचाच.' अशा मेलबॉक्सकडे कोणी बघत नाही, एवढं आज कळलं.

मंगळवार, ४ मार्च

शंभरही निरोप ऐकले. हेडसेट लावून सकाळी बसले ती संध्याकाळपर्यंत, मध्ये दोनदा उठले. हे काम दोघांत वाटून घेता आलं असतं, पण एकाच कानाने ऐकलं तर आवाज ओळखू येतात, आणि त्याचा खरंच उपयोग झाला.

३८ निरोप रिकामे निघाले. श्वास, खडखड, रस्त्यावरचा आवाज, किंवा फोन ठेवल्यावरचा नुसता टोन. उरलेले ६२ निरोप ४५ जणांचे. काहींनी दोनदा केला होता, एका माणसाने पाच वेळा. त्यांचा पहिला निरोप व्यवस्थित होता, नाव, नंबर, काम सगळं. दुसऱ्यात नाव आणि 'मागे निरोप ठेवला होता' एवढंच. पाचव्यात 'हॅलो, कोणी आहे का?' आणि ठेवून दिला. सर्वांत जुना निरोप मागच्या वर्षीच्या जूनमधला.

ऐकताना एक गोष्ट सतत जाणवली. माणसं काम सावकाश सांगतात, घाईत नंबर सांगतात. स्वतःचा नंबर तोंडात इतका बसलेला असतो की तो एका श्वासात बाहेर पडतो, तोही अगदी शेवटी, बीप वाजेल या धास्तीने. लिहून घेणाऱ्याला मात्र तोच भाग सर्वांत हळू हवा असतो.

दुसरी गोष्ट, 'सहा' की 'दहा', हे मला तीन-तीनदा ऐकावं लागलं. माझ्या कानांचा दोष नव्हता. टेलिफोनच्या नेहमीच्या वाहिनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'चा सळसळता भाग मुख्यतः त्याच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. उरतो तो 'अहा', आणि पुढचं अंदाजाने.

एक निरोप बाजूला काढून ठेवला आहे. बाईंचा आवाज हळू, वय झालेलं असावं. त्या काम नीट सांगतात, मग म्हणतात, 'थांबा हं, नंबर लिहून ठेवलाय, बघते.' कागद चाळल्याचा आवाज येतो. परत येतात, चार आकडे सांगतात, आणि निरोप संपतो. त्यांनी फोन ठेवलेला नाही, आमच्या यंत्राने त्यांना तोडलं. निरोपाच्या फाइलशेजारी एक मजकुराची फाइल असते, तिच्यात फोन करणाऱ्याचा नंबर नोंदलेला असतो. ती उघडून बघितली. त्या जागी 'अज्ञात' आहे.

बुधवार, ५ मार्च

४५ जणांपैकी ३९ जणांना फोन केले. निम्म्याहून अधिक जणांनी काम दुसरीकडून करून घेतलं होतं. मी कारणं सांगितली नाहीत. 'तुमचा निरोप आम्ही ऐकला नव्हता, आज ऐकला' एवढं म्हणाले. रागावणारे दोघेच निघाले. पाच वेळा फोन केलेले काका म्हणाले, 'मला वाटलं, तुमचं ऑफिस बंदच झालं.'

शुक्रवार, ७ मार्च

बाईंचा निरोप का तुटला ते सापडलं. निरोप थांबवायचे नेहमीचे तीन मार्ग यंत्राला माहीत आहेत : माणूस फोन ठेवतो, हॅश दाबतो, किंवा ठरावीक काळ शांतता राहते. शांतता मोजायला दोन सेटिंग आहेत. एक, किती सेकंद शांतता झाली की थांबायचं. दुसरं, किती हळू आवाजाला शांतता म्हणायचं.

पूर्वी कोणीतरी रिकाम्या निरोपांना कंटाळून दोन्ही सेटिंग बदलली होती. थांबायचा काळ चार सेकंदांवर आणला होता आणि शांततेची पातळी खूप वर नेली होती, जेणेकरून पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज 'बोलणं' म्हणून धरला जाऊ नये. हेतू चांगला होता. परिणाम असा की हळू बोलणारा माणूस यंत्राच्या दृष्टीने गप्प बसलेला होता. बाई बोलत असतानाच त्यांची चार सेकंदं भरली.

पातळी खाली आणली, काळ दहा सेकंद केला. रिकाम्या निरोपांसाठी वेगळा उपाय आहेच : तीन सेकंदांहून छोटा निरोप जपायचाच नाही. निरोपाची कमाल लांबी तीन मिनिटं ठेवली. तपासायला मी स्वतः फोन करून कुजबुजत बोलले, मग टेबलावर फोन ठेवून आठपर्यंत मोजलं, मग पुन्हा बोलले. पूर्ण आला.

जागेची चिंता कोणी काढली म्हणून हिशेब मांडला. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात. साध्या वेव्ह फाइलमध्ये प्रत्येक मापाला दोन बाइट, म्हणजे मिनिटाला ९ लाख ६० हजार बाइट. मोबाइलच्या जुन्या जीएसएम पद्धतीने दाबलेली, म्हणजे कमी जागेत बसवलेली वेव्ह फाइल याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास बसते. पण आपल्याकडे तीन मिनिटांचे शंभर निरोप दाबल्याशिवाय ठेवले तरी ३०० मेगाबाइटच्या आतच राहतात. त्यासाठी 'सहा-दहा'चा घोळ आणखी वाढवण्यात अर्थ नाही. न दाबता ठेवायचं ठरलं.

सोमवार, १० मार्च

पिनचा दिवस. ३१ मेलबॉक्सपैकी १९चा पिन म्हणजे तोच एक्स्टेन्शन नंबर. सहा जणांचा १२३४.

'आमच्या निरोपांत असतं काय चोरण्यासारखं?' असं दोघांनी विचारलं. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ब्रिटनमध्ये एका वृत्तपत्रासाठी काम करणारी माणसं इतरांच्या मोबाइलवरचे व्हॉइसमेल चोरून ऐकत होती. मूळचा पिन न बदललेला किंवा अंदाजाने कळण्याजोगा असणं ही त्यांची वाट होती. प्रकरण इतकं वाढलं की 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे वृत्तपत्र जुलै २०११मध्ये बंद झालं. दुसरी गोष्ट पैशाची. काही व्हॉइसमेलमध्ये शिरलं की तिथूनच बाहेर फोन लावायची सोय असते. पिन ओळखणारा परका माणूस आपल्या लाइनवरून परदेशी फोन लावतो आणि बिल आपल्याला येतं. आमच्याकडे ही सोय चालू होती. कोणीच वापरत नव्हतं. बंद केली.

नवे पिन सहा आकडी. तीन चुका झाल्या की यंत्र फोन ठेवेल.

बुधवार, १२ मार्च

प्रवासात असलेल्या आमच्या मोठ्या साहेबांना बाहेरून मेलबॉक्स उघडता येत नव्हता. 'पिन बरोबर दाबतोय, तरी चुकीचा म्हणतं.' कालच नवा पिन दिल्यामुळे दोष माझ्या माथी आला होता.

यंत्राने ठेवलेली नोंद, म्हणजे लॉग, बघितला. साहेब सहा आकडे दाबत होते, यंत्राला बारा दिसत होते. प्रत्येक आकडा दोनदा.

बटण दाबलं की फोन दोन सूर एकत्र वाजवतो, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. हे सुरांचं कोष्टक अमेरिकेत बेल सिस्टिमने नोव्हेंबर १९६३मध्ये ग्राहकांसाठी सुरू केलं आणि आजही तेच चालतं. एकेक सूर न घेता जोडी घेतली, कारण माणसाच्या बोलण्यात नेमकी तशी जोडी सहसा येत नाही. सहसा म्हटलं, कारण एखाद्याचा आवाज क्वचित यंत्राला बटणासारखा वाटतो आणि बोलता बोलता मेनू बदलतो.

इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये एक अडचण आली. आवाज दाबणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ जी ७२९, माणसाचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून बनवल्या आहेत. त्यांतून सूर गेला की त्याचा आकार बिघडतो. म्हणून 'हे बटण दाबलं' अशी वेगळी खूणच आवाजाशेजारून पाठवतात. तिचा नियम आधी २०००मध्ये आणि सुधारून २००६मध्ये आरएफसी ४७३३ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमपत्रात आला. आमच्या बाहेरच्या लाइनवर सूरही येत होता आणि खूणही, आणि आमचं यंत्र दोन्ही मोजत होतं. फक्त खूण मोजायला सांगितलं. साहेबांना पुन्हा करायला लावलं. उघडला.

पिन बदलल्यामुळे हे घडलं नव्हतं. लाइन बदलली तेव्हापासून ते असंच असणार, पण तेव्हापासून बाहेरून मेलबॉक्स उघडून बघायचा प्रयत्नच कोणी केला नव्हता.

सोमवार, १७ मार्च ते शुक्रवार, २१ मार्च

हा आठवडा मराठी सूचनांचा. या प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला भाग.

आतापर्यंत यंत्र इंग्रजीत बोलत होतं. फोन करणारे बहुतेक मराठीत बोलतात, मेलबॉक्स वापरणारेही. मग यंत्रातल्या बाईंनी इंग्रजीत 'पाउंड की दाबा' (म्हणजे हॅश दाबा) का म्हणावं? स्वागतकक्षातल्या ताईंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आणि स्पष्ट आहे. त्या तयार झाल्या.

पहिला प्रश्न शब्दाचा. 'संदेश' की 'निरोप'? ताई म्हणाल्या, 'संदेश तर राष्ट्रपती देतात. माझ्यासाठी कोणी ठेवून गेलं तर तो निरोप.' निरोप ठरला. 'निरोप घेणे' म्हणजे जाणे असाही अर्थ होतो, म्हणून 'निरोप घ्या' असं यंत्राने कुठेही म्हणायचं नाही, 'निरोप ऐका' म्हणायचं.

दुसरा प्रश्न आकड्यांचा, आणि इथे तीन दिवस गेले. इंग्रजी यंत्र आकडे जोडून बोलतं. वीसपर्यंतचे आणि मग दशकांचे शब्द एकदा ध्वनिमुद्रित केले की 'फॉर्टी' आणि 'थ्री' शेजारी ठेवून त्रेचाळीस तयार होतो. तोच नियम आमच्या फाइलींना लावला तेव्हा यंत्र म्हणालं, 'चाळीस तीन नवीन निरोप.' मराठीत त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव : तीन प्रत्येक वेळी वेगळा वेश घेऊन येतो. नवाची तऱ्हा तर त्याहून निराळी. एकोणतीस म्हणजे तिसात एक कमी, त्यामुळे विसाच्या दशकातला आकडा तिसाच्या नावाने ओळखला जातो. जोडायला काही नियमच नाही. शून्य ते नव्व्याण्णव शंभरही शब्द वेगवेगळे मुद्रित केले. ताईंनी एकोणसाठ आणि एकोणसत्तर चार वेळा म्हटले, कारण फोनवरून ऐकताना शेवट पुसट येत होता.

मुद्रण करताना एक धडा मिळाला. चांगल्या माइकवर चांगलं वाटणारं फोनवर चांगलं वाटेलच असं नाही. प्रत्येक फाइल ८००० मापांवर आणून, प्रत्यक्ष फोनवर वाजवूनच पास करायची. २३ फाइली अशा नापास झाल्या. बहुतेक 'स' आणि 'श'च्याच.

फोन नंबर वाचताना आकडा एकेकच. काही जण नंबर जोडीने सांगतात, 'अठ्ठ्याण्णव, त्रेपन्न' असं, पण यंत्राने तसं वाचलं की ऐकणारा मनात उलगडत बसतो.

तिसरा प्रश्न वेळेचा. निरोप कधी आला हे यंत्र आधी सांगतं. इंग्रजीत 'टेन थर्टी फाइव्ह एएम'. मराठीत एएम-पीएम नाही, पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री आहे. पहाट कुठे संपते यावर चहाच्या वेळी बराच वाद झाला. शेवटी चार ते सहा पहाट, बारापर्यंत सकाळ, चारपर्यंत दुपार, आठपर्यंत संध्याकाळ, बाकी रात्र. मग सव्वा, साडे, पावणे. मला ते सगळे हवे होते. पण साडेदहा म्हटलं तरी साडेएक म्हणत नाहीत, दीड म्हणतात, आणि साडेदोन नाही, अडीच. हे अपवाद लिहून झाले. सव्वा आणि पावणेपर्यंत मात्र गेले नाही. 'पावणेअकरा' ऐकून दहा की अकरा असा क्षणभर थांबणारे तरुण सहकारी इथेच तीन निघाले. ठरलं असं की अर्ध्या तासाला साडे, दीड, अडीच, आणि बाकी सगळीकडे 'दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी'.

चौथी गोष्ट मराठीने फुकट दिली. सूचना लिहिणाऱ्यांचा जुना अनुभव आहे की आधी काम सांगावं, मग बटण. 'एक दाबा, निरोप ऐकण्यासाठी' असं म्हटलं तर काम कानावर पडेपर्यंत आकडा विसरलेला असतो. इंग्रजीत हे लक्षात ठेवून लिहावं लागतं. मराठीत 'निरोप ऐकण्यासाठी एक दाबा' हे आपसूकच सरळ वाक्य आहे.

हॅश आणि स्टारची नावं सगळ्यांना ठाऊक असतात असं नाही. म्हणून 'बोलून झाल्यावर हॅश दाबा, म्हणजे शून्याच्या उजवीकडचं बटण, किंवा नुसता फोन ठेवा.' दुसरा पर्याय सांगणं मला फार गरजेचं वाटलं. हॅश दाबला नाही तर निरोप पोचणार नाही या समजुतीने माणसं घाबरून बटण शोधत बसलेली मी त्या शंभरात ऐकली आहेत.

दुरुस्ती विभागाचा नवा स्वागतसंदेश असा : 'नमस्कार. हा दुरुस्ती विभाग. आत्ता फोन घेता येत नाही. बीपनंतर आधी तुमचा फोन नंबर सांगा, सावकाश, दोनदा. मग नाव आणि काम. कामाच्या पुढच्या दिवशी दुपारी बारापर्यंत आम्ही फोन करू. माणसाशी बोलायचं असेल तर शून्य दाबा.' अठरा सेकंद. नंबर आधी मागण्याचं कारण चार मार्चच्या नोंदीत आहे. निरोप तुटलाच तर काम तुटू दे, नंबर राहू दे.

'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य काढलं. शंभर निरोप पडलेले असताना ते वाजत होतं.

सोमवार, २४ मार्च

हिशेब विभागातल्या एका मॅडमच्या फोनवरचा लाल दिवा विझत नव्हता. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती.

कारण साधं निघालं. त्या निरोप ईमेलमध्ये आलेल्या प्रतीवरून ऐकतात. ईमेल वाचली हे सर्व्हरला कळत नाही. त्याच्या लेखी निरोप अजून नवाच. सर्व्हर फोनला 'निरोप आहेत : होय, नवे सात, जुने दोन' असं कळवत राहतो आणि फोन दिवा लावून ठेवतो. यात बिघाड कशातच नाही.

ईमेल गेली की सर्व्हरवरचा निरोप पुसायचा, असं एक सेटिंग आहे. मॅडमच्या मेलबॉक्सला ते लावलं, त्यांच्या संमतीने, कारण मग ईमेल हीच एकमेव प्रत उरते. सामायिक मेलबॉक्सना मुद्दाम लावलं नाही. तिथे ईमेल चार जणांना जाते, चौघांनाही वाटतं की दुसऱ्याने बघितली असेल. दिवा पेटलेला राहिला तर निदान कोणीतरी विचारतं. चिकटपट्टी काढली.

गुरुवार, २७ मार्च

बाहेर फिरणाऱ्या एका सहकाऱ्यांनी टेबलावरचा फोन मोबाइलकडे वळवला होता. मोबाइल बंद असला की मोबाइल कंपनीचा व्हॉइसमेल फोन घ्यायचा. आमच्या यंत्राला वाटायचं, माणसाने उचलला. निरोप तिकडे पडायचे, आणि तो मेलबॉक्स या सहकाऱ्यांनी कधी उघडलेलाच नव्हता. आता फोन वळवला की उचलणाऱ्याला विचारलं जातं, 'फोन घ्यायचा असेल तर एक दाबा.' मोबाइल कंपनीचं यंत्र एक दाबत नाही, मग निरोप आमच्याकडे परत येतो. तिकडे अडकलेले अकरा निरोप त्यांनी काल रात्री ऐकले.

मंगळवार, १ एप्रिल

तात्पुरता स्वागतसंदेश. मेलबॉक्समध्ये शिरून ०, मग ४. 'मी सात तारखेपर्यंत रजेवर आहे' असं मुद्रित केलं की तो बाकी सगळ्या संदेशांवर बसतो, आणि हाताने काढेपर्यंत तसाच राहतो. तारीख संपली म्हणून आपोआप जात नाही. बाहेरून ३१ही एक्स्टेन्शनना फोन करून बघितलं. चौघे अजून रजेवर होते, त्यांतले एक डिसेंबरपासून. ते माझ्या शेजारीच बसलेले होते.

मेलबॉक्स उघडताना 'तुमचा तात्पुरता संदेश चालू आहे' अशी आठवण देणारी सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे, ती सुरू केली.

दुपारी सगळ्यांना बटणं शिकवली, प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन, कारण सभागृहात ऐकलेलं हातात उतरत नाही. १ ऐका, ५ पुन्हा ऐका, ६ पुढचा, ७ पुसा, ८ दुसऱ्याला पाठवा, ९ जपून ठेवा. ऐकताना स्टारने थोडं मागे जाता येतं. नंबर लिहून घेताना हे सोनं आहे, आणि बऱ्याच जणांना आजवर माहीत नव्हतं. नंबरासाठी ते पूर्ण निरोप पुन्हा ऐकत होते. ७ चुकून दाबलं तर पुन्हा ७ दाबायचं, पुसलेला परत येतो, मात्र फोन ठेवायच्या आत. फोन ठेवला की गेला. यावर मी दोनदा जोर दिला.

शुक्रवार, ४ एप्रिल

यावर वाचताना एक गोष्ट सापडली, ती इथे ठेवते. फोनवर उत्तर देणारं यंत्र ही फार जुनी इच्छा आहे. डेन्मार्कच्या व्हाल्देमार पाउल्सेन यांनी १८९८मध्ये पोलादी तारेवर चुंबकाने आवाज साठवायचं यंत्र केलं, तेच टेलिफोनवरचे निरोप टिपायला म्हणून. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यावर ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आवाज घेतला, तो आजही ऐकता येतो. कार्यालयभर प्रत्येकाला मेलबॉक्स ही रीत मात्र बरीच नंतरची. अमेरिकेच्या गॉर्डन मॅथ्यूज यांनी त्यासाठी १९७९मध्ये पेटंटचा अर्ज केला, १ फेब्रुवारी १९८३ला पेटंट मिळालं, आणि त्यांच्या व्हीएमएक्स कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक थ्रीएम ही अमेरिकी कंपनी होती. सव्वाशे वर्षं आवाज टिकवायची खटपट झाली. आमच्याकडे आवाज टिकलाच होता, तो ऐकणाऱ्याचं नाव ठरलेलं नव्हतं.

मंगळवार, ८ एप्रिल

निरोपाचं आपोआप लिखित रूप करून ईमेलमध्ये पाठवायची चाचणी घेतली. वीस निरोप. कामाचा विषय बहुतेक वेळा कळतो, नावं आणि आकडे चुकतात. नंबर चुकीचा छापलेला असला तर तो न छापलेल्यापेक्षा वाईट, कारण माणूस मग ऐकत नाही. आत्ता नको.

मंगळवार, १५ एप्रिल

नावं ठरली. दुरुस्तीच्या मेलबॉक्सला दर आठवड्याला एक माणूस, सोमवार ते शुक्रवार. दिवसातून दोनदा ऐकायचं, सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला. स्वागतकक्षातल्या फलकावर त्या आठवड्याचं नाव लिहिलेलं असेल. परत फोन केल्यावरच निरोप 'जुने'मधून ९ दाबून 'काम' या कप्प्यात हलवायचा. त्यामुळे 'जुने' रिकामा नसेल तर कोणाला तरी फोन करायचा राहिला आहे.

काही जणांना ही जास्तीची झंझट वाटली. दोन निरोप त्यांना माझ्या हेडसेटवर ऐकवले : पाच वेळा फोन केलेल्या काकांचा पाचवा, आणि बाईंचा. पुढे कोणी काही बोललं नाही.

आणि मेलबॉक्स भरत आला, म्हणजे नवे निरोप २०च्या वर गेले, की विभागप्रमुखांना आणि मला ईमेल येते. मर्यादा शंभरच ठेवली आहे. ती वाढवून प्रश्न सुटला नसता, शंभराऐवजी पाचशे पडले असते.

शुक्रवार, २ मे

आजच्या घडीला : तिन्ही सामायिक मेलबॉक्समध्ये नवे शून्य, 'जुने'मध्ये एक, तो आज सकाळचा. एप्रिलभरात दुरुस्तीवर ७४ निरोप आले. त्यांतल्या ५१ जणांनी नंबर सुरुवातीलाच सांगितला, बऱ्याच जणांनी दोनदा. शून्य दाबून स्वागतकक्षाकडे आलेले ३३ फोन ताईंनी घेतले. त्यांच्यावर हा भार वाढला आहे, हे विभागप्रमुखांना कळवलं.

मराठी आकड्यांत एक चूक उरली होती, 'एक नवीन निरोप आहेत'. एकासाठी 'आहे'ची वेगळी फाइल जोडली.

बाईंना गाठता आलं नाही. ते चार आकडे ज्यांत आहेत असे सगळे जुने नंबर आमच्या नोंदवहीत शोधले, तीन सापडले, तिघेही दुसरेच निघाले. त्यांचा निरोप 'काम' कप्प्यात हलवलेला नाही. तो 'जुने'मध्येही ठेवता येत नाही, नाहीतर कप्पा कधी रिकामा दिसणार नाही. माझ्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये ८ दाबून पाठवला आहे. सामायिक नंबरावर त्या पुन्हा बोलल्या तर आवाज ओळखू शकेल अशी सध्या मी एकटीच आहे. म्हणून आज आठवड्याच्या माणसांनाही तो ऐकवला.